२७ डिसेंबर : डॉ. पंजाबराव देशमुख जयंती

१८९८ : नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील पापळ येथे शेतकरी कुटुंबात डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचा जन्म. पुढील इयत्तांसाठी लहानपणीच त्यांना गाव सोडावे लागले. विलायतेतून बॅरिस्टर होऊन ते वऱ्हाडात परतले. १९२८मध्ये अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष होताच प्राथमिक शिक्षणाला जोर दिला, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांसाठी खुल्या केल्या. १९३०मध्ये प्रांतिक कायदेमंडळावर निवडून येऊन ते शिक्षणमंत्री झाले. त्यांनी स्थापन केलेल्या श्री शिवाजी शिक्षण संस्था व श्रद्धानंद छात्रालयामुळे बहुजनांच्या मुलांची शिक्षणाची सोय झाली. १९५२, १९५७ आणि १९६२च्या लोकसभा निवडणुका जिंकणारे भाऊसाहेब दहा वर्षे केंद्रात कृषी खात्याचे मंत्री होते. कुणब्याच्या पोराला शाळेची वाट मोकळी करून देणाऱ्या या लोकनेत्याचे वऱ्हाडावरील ऋण न फिटणारे आहे.