लिपी परकी, भाषा आपली

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास उतरले. राणी एलिझाबेथच्या राजवटीत कॅथलिक धर्मगुरूला मायदेशी थारा नव्हता. १६१९ साली देहावसान होईपर्यंत त्यांचे बहुतेक आयुष्य साष्टीत गेले.

नवख्रिस्ती जनांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांची जागा रिकामी होती. ती उणीव ओळखून फादरांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. घराघरांतील कोंकणी त्यांना व्याकरण लिहिण्याइतकी अवगत होती. तरी काव्यासाठी त्यांनी ग्रंथांची मराठी आणि ओवी निवडली. स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणताना ते कचरले नाहीत.

सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे छापला गेला, तो मात्र रोमन लिपीत. देवनागरी खिळे उपलब्ध नव्हते. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले. १६५४ च्या आवृत्तीनंतर अडीच शतके ग्रंथ पुन्हा छापला गेला नाही. भाविकांनी हाताने उतरवलेल्या प्रती तेवढ्या टिकल्या. त्यांच्याच आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूरला तो प्रसिद्ध केला. देवनागरीत छापून येण्यास १९५६ साल उजाडले.

‘तुम्ही मराठी की ख्रिस्ती?’ असे आजही आपल्याला कुणी विचारते. चारशे वर्षांपूर्वीच्या या परदेशी कवीने त्या दोन शब्दांमध्ये ‘की’ ठेवलाच नव्हता. आपणही तो का ठेवावा?