चेहरा-ओळख तंत्रज्ञानाचे नियमन
सार्वजनिक जागी टिपलेला चेहरा साठवलेल्या छायाचित्रांशी ताडणाऱ्या यंत्रणेवरील कायदेशीर नियंत्रण. भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. मूळ आधार खासगीपणाला मूलभूत हक्क मानणारा सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल, 2017 (पहा : खासगीपणाचा हक्क). डोळ्यांमधील अंतर, जबड्याची ठेवण यांवरून बनलेली अंकमाला जुळवली जाते. जुळणी संभाव्य असते, निर्णायक नव्हे. महाराष्ट्र पोलिसांची ‘अँबिस’ प्रणाली बोटांचे ठसे, बुबुळे व चेहरा ताडते. फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, 2022 दोषी व अटकेतील व्यक्तींची मापे घेऊ देतो. रस्त्यावरील कॅमेऱ्यांबाबत तो मौन बाळगतो. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 17 नुसार केंद्र सरकार शासकीय यंत्रणांना सूट देऊ शकते. अमरावतीत पोलीस आयुक्तालय, अकोल्यात जिल्हा अधीक्षक असले तरी कायदे तेच. अमरावतीच्या राजकमल चौकातील पादचाऱ्याला वेगळे संरक्षण नाही, ही गंभीर उणीव होय. यूरोपीय संघात पोलिसांच्या तत्क्षण ओळखीवर फेब्रुवारी 2025 पासून, काही अपवाद वगळता, बंदी आहे (पहा : जैवमिती).