जुनी मोटरबोट ऐन पाण्यात बंद का पडते? इंजिन आणि लीकेज, काय आणि कसं तपासायचं

भंडाऱ्याला समुद्र नाही, पण बोट लागते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी सोडलं गेलं, त्यात पाऊस होताच. वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा शहरातल्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं. अशा वेळी घराच्या छतावर अडकलेल्या माणसापर्यंत बोटच पोहोचते. शिवाय गोसीखुर्द धरणाचं पसरलेलं बॅकवॉटर आहे, मासेमारी आहे, पर्यटन वाढवण्याचे प्रयत्न आहेत. त्यामुळे डोंग्यासोबत आता मोटर लावलेल्या बोटीही दिसतात, आणि त्यातल्या बऱ्याच सेकंड हँड असतात.

अडचण अशी की बोटीचं इंजिन जाणणारे मिस्त्री मुंबई-रत्नागिरीकडे, म्हणजे रस्त्याने आठशे किलोमीटरहून लांब. मग काम दुचाकीच्या किंवा कृषिपंपाच्या मेकॅनिककडे जातं. यात वाईट काही नाही, अर्धं इंजिन त्याच्या ओळखीचंच असतं. उरलेलं अर्धं मात्र पाण्याशी जोडलेलं असतं, आणि गडबड तिथेच होते.

ओबीएम म्हणजे काय?

बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेलं इंजिन म्हणजे आउटबोर्ड मोटर. बचाव पथकातले लोक त्याला सरळ ‘ओबीएम’ म्हणतात. वर इंजिन, मध्ये लांब पाय, खाली गिअर आणि पंखा, म्हणजे प्रोपेलर. जुन्या ओबीएम बहुतेक टू-स्ट्रोक कार्बोरेटरवाल्या असतात. ज्या फळीला ती अडकते तिला ट्रान्सम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दोरी ओढून हात दुखले, तरी सुरू होत नाही

आधी फुकटच्या गोष्टी बघा. लाल दोरीची किल-स्विचची क्लिप जागेवर आहे का? गिअर न्यूट्रलमध्ये आहे का? पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? हा स्क्रू बंद असेल तर इंजिन सुरू होतं, पाच-दहा मिनिटं चालतं आणि नदीच्या मधोमध दम तोडतं. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही.

नंतर पाइपमधला रबरी फुगा दाबा. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबत गेल्यावर तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय, बहुतेक वेळा पाइपच्या कनेक्टरमधल्या झिजलेल्या ओ-रिंगमधून. इंजिन चालताना फुगा चपटा होत असेल तर टाकीकडून येणारी वाट अडलेली आहे.

इथवर सगळं ठीक असेल तर स्पार्क प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. स्पार्क बघायचा असेल तर आधी सांडलेलं पेट्रोल पुसा, टाकी लांब ठेवा आणि उघड्यावर करा. बोटीच्या तळाशी साचलेली पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण एका ठिणगीने पेटते.

पेट्रोल ‘जुनं’ होतं म्हणजे काय?

पुरासाठी ठेवलेल्या बोटीचं सगळ्यात मोठं दुखणं इथे आहे. बोट वर्षातले दहा महिने शेडमध्ये उभी असते. टाकीत थोडं पेट्रोल, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल. ते हळूहळू उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक सुईच्या टोकाएवढं असतं, ते बुजायला एवढं पुरतं. जुलैमध्ये नदी चढते, बोट बाहेर काढली जाते आणि इंजिन फक्त खोकतं.

त्यात आता इथेनॉलची भर. २०२५पर्यंत देशभरातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं, म्हणजे ई-२० पेट्रोल आलं. ओबीएम बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या मात्र १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात, आणि जुनी इंजिनं तर त्याही आधीची. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर करतात, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. टू-स्ट्रोकमध्ये हे जास्त धोक्याचं, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल वरच्या थरात राहतं. म्हणजे इंजिनात जाणाऱ्या द्रवात ऑइल जवळपास नसतंच, आणि पिस्टन जाम होऊ शकतो.

शंका असेल तर टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल वापरू नका. नवीन पेट्रोल, नवीन ऑइल (बऱ्याच इंजिनांत ५० ला १, म्हणजे एका लिटरला २० मिली, पण आपल्या इंजिनाचं मॅन्युअल बघा), आणि मध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हंगाम संपताना पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणं. कार्बोरेटर रिकामा होतो.

मागून पाण्याची धार येतेय का?

इंजिन सुरू झालं की मागे वळून बघायची सवय लावा. ओबीएम नदीचंच पाणी ओढून स्वतःला थंड करते, आणि त्यातली एक बारीक धार बाहेर टाकते. धार दिसते म्हणजे पंप चालू. धार नाही, तर लगेच बंद करा.

वैनगंगेत हा प्रश्न जास्त येतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे इथे येतं आणि बॅकवॉटरमध्ये जलपर्णी माजते. तिची मुळं आणि प्लास्टिकच्या पिशव्या खालच्या जाळीवर बसतात. इंजिन बंद करून, वर उचलून जाळी साफ केली की बऱ्याचदा धार परत येते. नाही आली तर धार पडणाऱ्या छिद्रात पातळ तार फिरवून बघा, गाळ किंवा मातीचं घर निघतं. तरीही नाही, तर पंपातला रबरी इम्पेलर गेला. तो दोन-तीन वर्षांनी बदलायचाच असतो, पाकळ्या अख्ख्या दिसल्या तरी.

जमिनीवर पाण्याशिवाय ‘जरा चालवून दाखवा’ असं गिऱ्हाईक म्हणतं तेव्हा हाच इम्पेलर जळतो. ड्रममध्ये पाय बुडवा किंवा नळीने पाणी द्या, मगच दोरी ओढा.

इंजिन जोरात, बोट जागेवर

लहान मोटरमध्ये प्रोपेलरला एक मऊ पिन असते. दगडाला लागलं की गिअर वाचवण्यासाठी ती तुटते. मोठ्या मोटरमध्ये पिनेऐवजी आत रबरी बूश असतो, तो सुटला की शाफ्ट फिरतो आणि पंखा फिरत नाही. जादा पिन आणि पाना बोटीतच ठेवा.

प्रोपेलर काढलाच आहे तर मागे नायलॉनच्या जाळ्याचा धागा गुंडाळलाय का तेही बघा. जिथे जाळी लावतात तिथे हे हमखास होतं. तो धागा सील कापतो आणि पाणी गिअरमध्ये शिरतं. खालचा स्क्रू सैल करून थोडं गिअर ऑइल काढा. दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. सील न बदलता नुसतं ऑइल बदलणं म्हणजे दुखणं पुढच्या महिन्यावर ढकलणं.

बोटीत पाणी येतंय, पण कुठून?

पहिला संशयित तळाचं बूच. त्याचा वॉशर वाळून चिरलेला असतो, किंवा बूच लावायचंच राहिलेलं असतं (हसू नका, जगभर होतं). त्यानंतर ट्रान्समवरचे बोल्ट, ॲल्युमिनियमच्या बोटीत रिव्हेट, आणि फायबरच्या बोटीत तळ घासून पडलेल्या भेगा.

शोधायचं कसं? बोट ट्रॉलीवर, तळाला नीट आधार देऊन ठेवा आणि आत बोटभर पाणी भरा. बाहेरचा तळ कोरडा पुसा. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण. बोट काठोकाठ भरू नका, वजनाने बुडच फाटेल. हवेच्या रबरी बोटीला साबणाचं पाणी लावा, सायकलच्या पंक्चरसारखे बुडबुडे येतात.

फायबरच्या भेगेवर एम-सील थापणं काठापर्यंत येण्यापुरतं ठीक. पक्क्या कामात भेग उतरती घासून, पूर्ण वाळवून, फायबरची चटई आणि रेझिनचे थर द्यावे लागतात. ओल्या फायबरवर रेझिन धरत नाही, त्यामुळे हे काम उन्हाळ्यातलं. लाकडी बोटीचं गणित वेगळं: उन्हात सुकलेल्या फळ्या आकसतात, पाण्यात ठेवल्यावर फुगून बरीच गळती आपोआप थांबते. एक-दोन दिवस पाण्यात राहूनही थांबली नाही तरच सांधे भरा.

सेकंड हँड घेताना

पैसे देण्याआधी ट्रान्सम हातोडीच्या दांड्याने ठोका. ठणठणीत आवाज यायला हवा. भदभद आवाज आला तर आतलं प्लायवूड कुजलंय, आणि तिथेच इंजिनाचा सगळा जोर येतो. इंजिनचा पाय धरून वर-खाली हलवा, फळी वाकताना दिसली तर सौदा सोडा. कॉम्प्रेशन गेज लावून सगळ्या सिलिंडरचे आकडे घ्या. फरक १५ टक्क्यांहून जास्त असेल तर रिंग किंवा पिस्टनचं मोठं काम आहे. मालक म्हणेल ‘फक्त कार्बोरेटर साफ करायचाय’. मग त्याने तो आधीच का केला नाही, हे विचारा.

बोट आणि इंजिन दोन्हींचे नंबर कागदाशी जुळवा. देशात नदी-तलावातल्या यांत्रिक बोटींसाठी अंतर्देशीय जहाज कायदा, २०२१ आहे आणि राज्यात नोंदणीचं काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतं. प्रवासी बसवणार असाल तर नोंदणी आणि तपासणी झाल्याशिवाय बोट पाण्यात घालू नका. लाइफ जॅकेट माणसांच्या संख्येइतकी, आणि वल्ही दोन. इंजिन कितीही चांगलं असलं तरी.