राज्याच्या वकिलाचा अशील कोण? अलाबामा, १९५४

आजच्या विषयाचं मूळ घरगुती आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं मुलीकडे ओहायोला होतो. जावई तोवर अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि टपालाने आलेली मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरून बसले होते. गव्हर्नर, खजिनदार, हिशेब तपासणारा अधिकारी, न्यायाधीश, आणि मधेच अ‍ॅटर्नी जनरल. मला म्हणाले, "बाबा, राज्याचा वकील कोण असावा हे मी कसं ठरवायचं? मी इंजिनिअर माणूस." मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे उत्तराच्या जागी आणखी एक प्रश्न ठेवण्याची खोड आहे. मी म्हटलं, जावईबापू, आधी हे ठरवा की या वकिलाचा अशील कोण? मुलगी म्हणाली, "झालं, आता जेवण थंड होणार." (हशा)

आपल्याकडे हा प्रश्न मतदाराला पडत नाही. आपला महाधिवक्ता राज्यघटनेच्या १६५ व्या कलमाप्रमाणे राज्यपाल नेमतात, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळ नेमतं, आणि राज्यपालांची मर्जी असेल तोवर तो पदावर राहतो. एच. एम. सीरवाईंसारखा माणूस १९५७ पासून १९७४ पर्यंत या पदावर राहिला. किती मुख्यमंत्री आले नि गेले. पण सीरवाईंना कधी भिंती रंगवून मतं मागावी लागली नाहीत. अमेरिकेत ५० पैकी ४३ राज्यांत हा अधिकारी थेट लोक निवडतात. बाकीच्या सातांपैकी पाच ठिकाणी गव्हर्नर नेमतो, मेन राज्यात विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत तिथलं सर्वोच्च न्यायालय. ही निवडणुकीची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जोरात पसरली. न्यूयॉर्कने १८४६ च्या घटनेत हे पद लोकांच्या हाती दिलं. कल्पना साधी होती. गव्हर्नरने नेमलेला वकील गव्हर्नरचंच मीठ खाणार; लोकांनी निवडलेला वकील लोकांचा राहील आणि वेळ आली तर गव्हर्नरच्याही विरुद्ध उभा राहील.

कल्पना वाईट नाही. पण कल्पनेची परीक्षा कागदावर होत नाही, गावात होते. ते गाव म्हणून मी अलाबामा राज्यातलं फिनिक्स सिटी घेतलं आहे.

चॅटाहूची नावाची नदी आहे. पलीकडे जॉर्जिया राज्यातलं कोलंबस शहर आणि फोर्ट बेनिंग ही सैन्याची प्रचंड छावणी. अलीकडे फिनिक्स सिटी. छावणीतला पोरगा पगाराच्या दिवशी पूल ओलांडायचा आणि जुगार, दारू, वेश्यावस्ती यांत पगार संपवून परत जायचा. मंदीच्या वर्षांत तिथली नगरपालिका कर्जात पार बुडाली होती. पुढे परवान्यांचे पैसे आणि दंडाची रक्कम यांवर तिची तिजोरी चालू लागली. म्हणजे अड्डे हा गावाचा रोग होता आणि गावाचं उत्पन्नही तेच होतं. नीट लक्षात घ्या, इथे शेरीफ निवडून यायचा, जिल्ह्याचा सरकारी वकीलही निवडून यायचा. मतं विकत घेतली जायची, गरिबांचा मतदानकर अड्ड्यांचे मालक भरायचे. लोकशाहीचे सगळे विधी यथासांग होत होते, आणि यजमान होते अड्डेवाले.

अल्बर्ट पॅटर्सन याच गावातला वकील. पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, काठी घेऊन चालणारा. त्याला संत करू नका. एकेकाळी त्याने अड्ड्यांच्या एका बड्या मालकाची खुनाच्या खटल्यात वकिली केली होती. राज्याच्या सिनेटमध्ये तो होता, १९५० मध्ये लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी उभा राहून पडला होता. मग हळूहळू तो दुसऱ्या बाजूला गेला. खेळाचं सामान विकणारे ह्यू बेंटली नावाचे एक दुकानदार होते. त्यांनी आणि काही गावकऱ्यांनी १९५१ मध्ये सुधारणा मंडळ काढलं. १९५२ च्या जानेवारीत बेंटलींचं घर सुरुंगाने उडवण्यात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात मतदानकेंद्रावर लक्ष ठेवायला गेले तर भर दिवसा मार खाऊन आले. पॅटर्सनच्या ऑफिसला आग लागली. तक्रार कोणाकडे करणार? शेरीफ त्यांचा, वकील त्यांचा. तेव्हा पॅटर्सनने हिशेब मांडला तो असा: गावातली खुर्ची गावात जिंकता येत नसेल, तर गावावर ज्याचा अंमल चालतो ती राज्याची खुर्ची जिंकावी. अ‍ॅटर्नी जनरलला जिल्ह्याच्या वकिलाला बाजूला सारून खटला स्वतःकडे घेता येत होता.

१९५४ ची निवडणूक. अलाबामात त्या काळी डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी जिंकली की निवडणूक जिंकली असंच होतं. नोव्हेंबरचं मतदान म्हणजे उपचार. मे महिन्यात पहिली फेरी झाली, १ जूनला अंतिम फेरी, समोर ली पोर्टर. मावळता अ‍ॅटर्नी जनरल साय गॅरेट. त्याला लागोपाठ दुसऱ्यांदा उभं राहता येत नव्हतं आणि तो पोर्टरच्या बाजूने होता. रसेल काउंटीचा, म्हणजे फिनिक्स सिटीच्या जिल्ह्याचा सरकारी वकील आर्च फेरेल, तोही. पॅटर्सन जिंकला, पण हजाराच्या आतल्या मताधिक्याने. आता इतकी कमी मतं असली की कोणाच्याही हाताला खाज सुटते. बर्मिंगहॅम शहर ज्या जेफरसन काउंटीत आहे तिथल्या अधिकृत तक्त्यात पोर्टरच्या खात्यावर ६०० मतं वाढलेली दिसली. वर्तमानपत्रांकडे आधीचे आकडे होते. चोरी उघडी पडली आणि बर्मिंगहॅममध्ये ग्रँड ज्युरी बसली. तिच्यापुढे १८ जूनला साक्षीला कोण होतं? खुद्द गॅरेट. राज्याचा सर्वोच्च कायदा अधिकारी मतचोरीच्या चौकशीत उत्तरं देत होता. पुढच्या सोमवारी पॅटर्सनची साक्ष व्हायची होती.

१८ जूनच्याच रात्री, शुक्रवार होता, ऑफिसातून निघून गाडीत बसताना पॅटर्सनला गोळ्या घातल्या. आपण शपथ घ्यायला जिवंत राहू याची शक्यता शंभरात एक, असं तो थोडेच दिवस आधी लोकांसमोर बोलून गेला होता.

पुढचं मी भरभर सांगतो, कारण त्यावर लगेच सिनेमासुद्धा निघाला. गव्हर्नर गॉर्डन पर्सन्स यांनी नॅशनल गार्डचे सैनिक पाठवले, आणि २२ जुलैला चक्क लष्करी अंमल जाहीर केला. शेरीफच्या माणसांची शस्त्रं काढून घेतली. बाहेरून मॉन्टगोमेरीचे न्यायाधीश वॉल्टर जोन्स आणले. हे नाव ध्यानात ठेवा, परत येणार आहे. नव्या ग्रँड ज्युरीने ७०० च्या वर आरोप ठेवले. खुनाचा आरोप तिघांवर: शेरीफचा मुख्य सहायक अल्बर्ट फुलर, सरकारी वकील फेरेल आणि अ‍ॅटर्नी जनरल गॅरेट. फुलरला जन्मठेप झाली, दहाएक वर्षांनी सुटला. फेरेलचं म्हणणं होतं की गोळ्या सुटल्या त्या वेळी आपण गॅरेटशी फोनवर बोलत होतो, ट्रंक कॉलची नोंद आहे. तो निर्दोष सुटला. गॅरेट टेक्सासमधल्या मानसोपचाराच्या रुग्णालयात दाखल झाला, त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. कोलंबसच्या 'लेजर' या वर्तमानपत्राला या बातमीदारीबद्दल १९५५ चं पुलित्झर मिळालं. अड्डे मात्र खरोखर बंद झाले.

हे तुम्हाला आपल्या एखाद्या चित्रपटासारखं वाटत असेल. बापाचा खून, आणि आता मुलगा येणार. तसंच झालं. जॉन पॅटर्सन, वय ३२, वकील. रिकाम्या झालेल्या जागेवर पक्षाने त्याला उभं केलं. नोव्हेंबरमध्ये बिनविरोध. जानेवारी १९५५ मध्ये बापाने जिंकलेल्या खुर्चीत मुलगा बसला. इथे दिवे लावून प्रेक्षकांना घरी पाठवता येतं. इतिहासात दिवे असे सोयीने लागत नाहीत.

तारखा पुन्हा बघूया. अंतिम फेरी १ जून १९५४. त्याच्या फक्त दोन आठवडे आधी, १७ मे रोजी, वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला होता की काळ्या आणि गोऱ्या मुलांना वेगळ्या शाळांत बसवणं घटनाविरोधी आहे. अलाबामात लोकसंख्येचा जवळपास तिसरा हिस्सा काळ्या लोकांचा होता. मतदारयादीत ते किती? अगदी मूठभर. १९०१ ची राज्यघटना मुळात त्यासाठीच लिहिली गेली होती: साक्षरतेची अट, मतदानकर, नोंदणी अधिकाऱ्याची मर्जी. तेव्हा पॅटर्सनला निवडून दिलं 'लोकांनी', हे वाक्य बरोबर आहे आणि अर्धवटही आहे. रूसोच्या सामान्य इच्छेवर मी वर्गात वर्षानुवर्षं बोललो, पण ती मोजताना कोणाची नावं यादीत होती, हा प्रश्न मुलांना पुरेसा विचारला नाही असं आता वाटतं.

१९५५ च्या डिसेंबरमध्ये मॉन्टगोमेरीतला बसबहिष्कार सुरू झाला. काळ्या नागरिकांच्या हक्कांसाठी लढणारी एनएएसीपी ही संस्था १९०९ पासूनची, अलाबामात अनेक वर्षं काम करणारी. अ‍ॅटर्नी जनरल जॉन पॅटर्सन कोर्टात गेला: ही न्यूयॉर्कची संस्था आहे, परराज्यातली संस्था म्हणून हिने इथे नोंदणी केली नाही, हिचं काम थांबवा. दुसऱ्या बाजूचं न ऐकताच कोर्टाने मनाई हुकूम दिला. तारीख १ जून १९५६, अंतिम फेरीला बरोबर दोन वर्षं. आणि न्यायाधीश? वॉल्टर जोन्स. फिनिक्स सिटी साफ करणारे तेच.

मग राज्याने संस्थेकडे सभासदांची यादी मागितली. नावं आणि पत्ते. १९५६ च्या अलाबामात अशी यादी सरकारच्या हाती पडणं याचा अर्थ काय, ते सांगायला हवं का? बेंटलींच्या घराखाली सुरुंग लागला तेव्हा सुरुंग लावणाऱ्यांना एक पत्ता माहीत होता. इथे तर सगळेच पत्ते मागितले जात होते, आणि मागणारा होता त्या सुरुंगवाल्यांशी लढून मेलेल्या माणसाचा मुलगा. संस्थेने बाकीची कागदपत्रं दिली, साध्या सभासदांची नावं दिली नाहीत. जोन्स यांनी १०,००० डॉलर दंड केला आणि पाच दिवसांत तो १,००,००० वर नेला. ३० जून १९५८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दंड रद्द केला. संघटना करण्याच्या स्वातंत्र्यात सभासदत्व गुप्त ठेवण्याचा हक्क येतो, हे तत्त्व जगाला मिळालं ते या खटल्यातून. पण अलाबामाची न्यायालयं टाळाटाळ करत राहिली आणि संस्थेला राज्यात पुन्हा काम सुरू करायला १९६४ उजाडलं. आठ वर्षं. एका सहीने.

जॉन पॅटर्सन दुष्ट होता का? असं विचारलं की सोपं होतं. मला वाटतं, तो त्याच्या अशिलाशी प्रामाणिक होता, आणि अशील म्हणजे मतदारयादी. यादीतल्या लोकांना जुगाराचे अड्डे नको होते, त्याने तेही केलं. यादीतल्या लोकांना शाळा वेगळ्याच हव्या होत्या, त्याने तेही केलं. दोन्ही कामं एकाच खुर्चीतून, एकाच कायद्याच्या भाषेत. बाप मात्र एका वेगळ्या अर्थाने वकील होता. त्याच्या गावातल्या मतदारयादीला अड्डे हवे होते किंवा चालत होते, आणि तरी तो त्यांच्या विरोधात उभा राहिला. हा फरक स्वभावातला होता की परिस्थितीतला, यावर आपण वाद घालू शकतो. ब्राउन निकालानंतरच्या गोऱ्या मतदारांसमोर बापाने काय केलं असतं, याचा पुरावा गोळ्यांनी पुसून टाकला.

तुम्ही म्हणाल, मग नेमणूक बरी. गॅरेट आणि फेरेल दोघंही निवडून आलेले, हे खरंच. पण नेमणूक करणारे पर्सन्स यांनी फिनिक्स सिटीत सैनिक पाठवले ते खुनानंतरच, हेही खरं. आपल्याकडे नेमलेले वकील सरकार बदललं की एकाच खटल्यात भूमिका कशी बदलतात, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला मी काय सांगायचं.

१९५८ मध्ये जॉन पॅटर्सन गव्हर्नर झाला. त्याच्यामागे कू क्लक्स क्लॅन होती. हरलेला उमेदवार होता जॉर्ज वॉलेस, ज्याला त्या वेळी एनएएसीपीचा पाठिंबा होता! त्या पराभवातून वॉलेसने काय धडा घेतला ते जगाने १९६३ मध्ये पाहिलं. पॅटर्सन पुढे दीर्घकाळ जगला, अपिलाच्या न्यायालयात न्यायाधीश होता. वंशभेदाच्या राजकारणाबद्दल त्याने म्हातारपणी खेद व्यक्त केला आणि २००८ मध्ये ओबामांना पाठिंबा दिला. २०२१ च्या जूनमध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी तो वारला. त्याच्या वडिलांचा पुतळा मॉन्टगोमेरीत राज्याच्या कॅपिटॉलच्या आवारात उभा आहे.

ओहायोतल्या त्या टेबलावर यातलं निम्मंही मी सांगू शकलो नाही, जेवण खरंच थंड झालं. जावयांनी त्या रकान्यात कोणाला मत दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. तुमचे प्रश्न घेऊया; मागच्या रांगेत हात वर दिसतोय.