ट्रंक कॉलपासून ट्यूबच्या बोगद्यापर्यंत

ट्रंक कॉल आठवतो ना? दोन शहरांच्या एक्स्चेंजमध्ये मोजक्याच सामायिक तारा असत, त्यांना ट्रंक म्हणत. मोकळी सापडेल ती तार तुमची. याच युक्तीवर आपल्या ब्रिटनमधल्या पोलिसांच्या खांद्यावरचा रेडिओ चालतो.

पूर्वी प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी वेगळी असे. एकीवर झुंबड, तर शेजारची रिकामी. ट्रंक्ड रेडिओत खानावळीचा न्याय लागला: पान कुणाचंच राखीव नाही. बटण दाबलं की यंत्रणा रिकामं चॅनेल देते, बोलणं संपलं की परत घेते. टेट्रा या युरोपीय पद्धतीत 25 किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात चार संभाषणं आळीपाळीने बसतात.

एका मनोऱ्याने देश व्यापत नाही. म्हणून अनेक मनोरे उभारतात. शेजाऱ्यांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी, लांबच्यांना पुन्हा त्याच. तुमचा रेडिओ जवळच्या मनोऱ्याकडे हजेरी लावतो, आणि गटातली माणसं ज्या मनोऱ्यांखाली आहेत तिथेच आवाज पोचवला जातो. ब्रिटनचं असं जाळं म्हणजे एअरवेव्ह. 2001 मध्ये लँकशायर पोलिसांपासून सुरुवात झाली आणि मनोरे तीन हजारांवर गेले.

तरी एक जागा उरली: पायाखालची. 18 नोव्हेंबर 1987 ला किंग्ज क्रॉस स्टेशनात आग लागली. खाली रेडिओ चालेना, म्हणून अग्निशमन दलाला बोलावण्यासाठी पोलिसाला जिना चढून वर यावं लागलं. त्या आगीत 31 जण गेले. भूमिगत रेडिओ सुधारा, असं चौकशी अहवालाने बजावलं. रेल्वे पोलिसांना तो मिळालाही, पण इतर दलांचे रेडिओ खाली मुकेच राहिले. 7 जुलै 2005 च्या बॉम्बस्फोटांत 52 निरपराध माणसं गेली, आणि त्या दिवशीही बोगद्यातून वर निरोप न्यायला माणसं धावत होती.

त्यानंतर एअरवेव्ह ट्यूबमध्ये उतरलं. बोगद्यात मनोरा कुठला? तिथे भिंतीलगत खास केबल असते. तिच्या बारीक फटींतून लहरी वाटभर झिरपतात, अगदी आपल्या ठिबक सिंचनासारख्या.

ही केबल काही 2005 नंतरचा शोध नव्हे. तंत्र हाताशी होतं, ते सगळ्यांसाठी खाली न्यायचा निर्णय मात्र अठरा वर्षं रेंगाळला. तेव्हा मंडळी, कुणी नकाशा दाखवून 'सगळीकडे रेंज आहे' म्हणालं, तर एवढंच विचारा: जमिनीखाली काय?