बाहेर उघडणारे दार

शौचालयाचे दार आत उघडावे की बाहेर, हा इतिहासाचा विषय होऊ शकतो असे मला पूर्वी वाटले नव्हते. महाराष्ट्रापासून दूर नेमणुकीवर असताना, चाकाची खुर्ची वापरणारे एक सहकारी कार्यालयात दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे उशिराने लक्षात आले. इमारतीत अपंगांसाठी स्वतंत्र शौचालय होते. पण दार आत उघडणारे, त्यामुळे खुर्ची आत गेली की ते लावता येत नसे. तो नकाशा मंजूर करणाऱ्या समितीच्या इतिवृत्तावर माझीही सही होती.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर १९६१ मध्येच लिहिले गेले होते. इलिनॉय विद्यापीठात टिमोथी न्यूजेंट यांनी केलेल्या कामाच्या आधारे अमेरिकेत 'ए ११७.१' हे मानक प्रसिद्ध झाले. अवघ्या सहा पानांचे. शौचकक्ष ३ फूट रुंद, किमान ४ फूट ८ इंच खोल, दार ३२ इंचांचे व बाहेर उघडणारे, दोन्ही बाजूंना ३३ इंच उंचीवर दांडे. दार बाहेर उघडण्याचे आणखी एक कारण आहे: आत कोणी कोसळले तर आत उघडणारे दार त्या देहालाच अडते आणि मदत बाहेर खोळंबते.

मात्र ३ फुटांच्या रुंदीत एक गृहीतक दडलेले होते. माणूस समोरून आत जाईल आणि दंडांच्या बळावर स्वतःला उचलून वळेल, हे ते गृहीतक. न्यूजेंट यांच्या विद्यार्थ्यांत युद्धात जायबंदी झालेले तरुण होते; त्यांना ते जमले असेल. वृद्धांचे काय? आसनाशेजारी खुर्ची उभी करून बाजूने सरकायचे तर जागा हवी. १९९० च्या अमेरिकी कायद्याखालील १९९१ च्या मानकांत सर्वसाधारण कक्षाची किमान रुंदी ६० इंच झाली. पुढील मानकांनी दार आपोआप मिटावे, कडीजवळ दोन्ही बाजूंना मूठ असावी, कडी मनगट न पिळता एका हाताने सरकावी, इतपत तपशील ठरवले.

आपल्याकडे १९९५ च्या अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये शौचालयांचे अनुकूलन आले, पण 'आर्थिक क्षमता व विकासाच्या मर्यादेत'. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून सांगतो, नव्या बांधकामात दाराची दिशा बदलायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. खर्च येतो तो चुकीचे बांधून मोडण्याचा. १९९८ मध्ये केंद्राने मार्गदर्शक मापे दिली: १५०० गुणिले १७५० मिलिमीटरचा कक्ष, ९०० मिलिमीटरचे बाहेर उघडणारे दार. आमची इमारत त्यानंतरची. मापे ठाऊक नव्हती असे नव्हे. ती पाळण्याची सक्ती नव्हती, आणि नकाशावर दाराचा तो छोटा कंस कोण पाहतो! पुढे चौकटीसह दार उलटे बसवले. काम दोन दिवसांचे, फाइल मात्र सात महिने फिरली.

२०१६ च्या अधिनियमाने विद्यमान सार्वजनिक इमारतींना नियमांच्या अधिसूचनेपासून ५ वर्षांची मुदत दिली. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला, कारण अधिनियमाला अपेक्षित असलेली सक्ती सोडून त्याने मार्गदर्शक सूचनांवरच भागवले होते. अनिवार्य मापे वेगळी काढण्यास केंद्राला ३ महिने देण्यात आले, आणि ती न पाळणाऱ्या इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले रोखण्यासही सांगण्यात आले. दाखल्यापूर्वी टेप घेऊन जाणाऱ्या अभियंत्याने दार एकदा स्वतः आतून लावून पाहावे, एवढी माझी त्यात भर.