रैतू बाजार : भाव फळ्यावर, दलाल बाहेर

'रैतू' म्हणजे आपली रयतच. तेलुगूत त्याचा अर्थ शेतकरी. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात २६ जानेवारी १९९९ रोजी हे बाजार सुरू झाले. हैदराबादेतले मेहदीपट्टणम, एर्रागड्डा, सरूरनगरचे रैतू बाजार तिथल्या मराठी घरांच्याही चांगले ओळखीचे आहेत.

पिकाची खात्री करून शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र मिळतं. मधे अडत नाही. भाव रोज ठरतो, घाऊक भावापेक्षा थोडा वर आणि बाहेरच्या किरकोळ भावापेक्षा खाली. तो फळ्यावर लिहिलेला असतो, त्यामुळे घासाघीस फारशी चालत नाही. तेलुगू, दखनी आणि मराठी बोलणारे एकाच ढिगातली वांगी निवडतात. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी, हे नव्या सुनेला इथंच कळतं.

दुखणं मात्र जुनं आहे. कार्डांची तपासणी ढिली पडली की शेतकऱ्याच्या नावावर व्यापारीच गाळा अडवतो, आणि पहाटे माल घेऊन आलेल्या खऱ्या शेतकऱ्याला जागा उरत नाही.

महाराष्ट्रानं २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यानंतर पुण्या-मुंबईकडे संत सावता माळी यांच्या नावानं शेतकरी आठवडे बाजार भरू लागले. रैतू बाजार मात्र आठवड्याची वाट बघत नाही, रोज भरतो.